पासौट

भाचीला ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरी लागली, बाहेरच्या देशातले फोन घ्यायची. आधी ट्रेनिंग, मग फ्लोअर. ट्रेनिंगमध्ये सगळ्यात आधी प्रत्येकाने उभं राहून स्वतःबद्दल थोडं बोलायचं होतं, तिने आदल्या रात्री आरशासमोर उभं राहून तयारी केली होती, म्हटलंही सगळं नीट, नाव, कळव्याला राहते, बाबा रिक्षा चालवतात, आणि मग 'आय पास्ड आउट इन ट्वेंटी ट्वेंटी थ्री'. तिथे ट्रेनरने हात वर करून तिला थांबवलं आणि हिंदीत विचारलं, का, जेवली नव्हतीस की जास्त झाली होती? अख्खी बॅच हसली. तीही हसली. संध्याकाळी ट्रान्सहार्बरने ठाण्याला उतरून घरी न जाता सरळ माझ्याकडे आली, चप्पल काढता काढता म्हणाली, मावशी, मी हसले खरी पण मला कळलंच नाही गं काय झालं ते, बाजूच्या मुलाने जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर अर्थ दाखवला, शुद्ध हरपून पडणं, तेव्हा कळलं.

मी चहा टाकला आणि तिला बोलू दिलं. खरं तर तिला अर्थाचं फार काही वाटलं नव्हतं, नवीन अर्थ कळला, झालं. तिला लागलं होतं ते वेगळंच. मुंबई युनिव्हर्सिटीत शिकलेल्या माणसाला केटी म्हणजे काय ते समजावून सांगायला नको, तिची अकाउंट्सची केटी राहिली होती, म्हणजे तो विषय सुटायचा राहिला होता, त्यात वर्ष गेलं, त्या वर्षात ती मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात उभी राहिली, घरी येऊन पाय मिठाच्या गरम पाण्यात घालून अभ्यास केला आणि मग एकदाची सुटली. घरात पेढे आले, आजूबाजूच्या तीन घरांत वाटले गेले. त्या सगळ्या बोलण्यात तिच्या दृष्टीने खरं वजनाचं वाक्य ते एकच होतं. नाव काय, राहते कुठे, हे कोणीही सांगतं. पास आउट झाले, हे तिने कमावलेलं होतं आणि नेमकं तिथेच थांबवून हसले.

आणि ती पण हसली, ते मला जास्त लागलं.

आता ट्रेनरचं चुकलं असं मी म्हणणार नाही, अर्थ त्याने बरोबरच सांगितला. अमेरिकेतल्या माणसाच्या कानाला 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपून पडणं. उन्हाने, उपाशीपोटी, रक्त बघून, कशानेही. तोच शब्द मित्रामित्रांत बोलताना सैल होतो, दारू जास्त झाली आणि सोफ्यावरच आडवा झाला, की पास्ड आउट. इतकंच काय, दिवसभर राबून आलेला माणूस न जेवता कपड्यांसकट झोपून गेला तरी दुसऱ्या दिवशी तो हसत हेच सांगतो, त्यात ना दारू ना चक्कर, नुसती गाढ झोप. शिवाय एक साधासुधा अर्थ आहे तो म्हणजे वाटणं. ठाणे स्टेशनच्या बाहेर जून महिन्यात जी पोरं उभी असतात ना, क्लासेसचे कागद हातात कोंबणारी, 'दहावी नापास? काळजी नको' वाली, ती पोरं इंग्रजीत जे करत असतात तेही पास आउटच. पत्त्यांत ब्रिज खेळणारे लोक चौघांनीही बोली लावली नाही आणि डाव तसाच सोडून दिला तर म्हणतात, डाव पास्ड आउट. एवढे सगळे अर्थ आणि त्यात पदवी कुठेच नाही.

मग आपल्याकडे हे आलं कुठून? आपण चुकीचं ऐकलं आणि चुकीचं शिकलो, असं बऱ्याच जणांना वाटतं, ट्रेनिंगवाल्यांना तर नक्कीच वाटतं. पण ब्रिटिश डिक्शनऱ्यांमध्ये आजही हा अर्थ आहे, लष्कराचं किंवा पोलिसांचं ट्रेनिंग पुरं करून बाहेर पडणं. साहेबाच्या छावणीतला शब्द, तो कवायतीच्या मैदानावरून आपल्याकडे आला आणि राहिला. साहेबाच्या देशात तो गणवेशवाल्यांपुरता राहिला, आपण त्याला कॉलेजात नेला, आयटीआयमध्ये नेला, नर्सिंगला, डीएडला, सगळीकडे नेला. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. त्या दिवशी आपल्या इंग्रजी पेपरांच्या मथळ्यांमध्ये हाच शब्द होता आणि आपल्यापैकी कोणालाही क्षणभरही वाटलं नाही की सतराजणी एकदम चक्कर येऊन पडल्या. डेहराडूनच्या मिलिटरी अकॅडमीत तर शेवटच्या दिवशी कॅडेट संथ पावलांनी चेटवुड इमारतीच्या पायऱ्या चढून उंबरठा ओलांडतात, त्याला 'अंतिम पग' म्हणतात. म्हणजे त्या शब्दातलं 'आउट' तिथे पायाखाली आहे. एका बाजूला शिकणारा, दुसऱ्या बाजूला अधिकारी. मला हे फार आवडतं, की आपल्याकडचा अर्थ हवेतून आलेला नाही, त्याला एक दार आहे.

माझ्या आतेबहिणीचं असं मैदान मी स्वतः बघितलंय. ती फौजदार झाली तेव्हा नाशिकला त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत आम्ही सगळे गेलो होतो. निमंत्रणपत्रिकेवर एका बाजूला मराठीत 'दीक्षांत संचलन', दुसऱ्या बाजूला इंग्रजीत 'पासिंग आउट परेड'. आत्या दोन्ही बाजूंवरून बोट फिरवत होती, तिला दोन्ही वाचता येत नव्हतं पण मुलीचं नाव कुठेतरी असेल म्हणून शोधत होती, ते नव्हतंच, पत्रिका सगळ्यांना सारखीच. मैदानावर ऊन असं होतं की मांडवात बसून आमच्या पाठीला घामाचे ओघळ आणि समोर ती सगळी पोरं खाकीत, हातमोजे घालून, मान ताठ, डोळ्याची पापणी न हलवता उभी. भाषणं लांबली. पाहुण्यांची भाषणं लांबतातच. आणि मागच्या रांगेतला एक मुलगा सावकाश पुढे झुकला आणि सरळ जमिनीवर. आत्या किंचाळली. दोघं आले, त्याला उचलून मागे नेलं, रांगेतल्या बाकीच्यांनी नजरसुद्धा वळवली नाही, बँड चालूच.

नंतर जेवताना आतेबहिणीला विचारलं तर म्हणाली, होतं असं, आम्हाला सांगितलेलं असतं की गुडघे कडक ठेवायचे नाहीत, बुटाच्या आत बोटं हलवत राहायची, वजन टाचेवरून चवड्यावर घ्यायचं, बाहेर कोणाला दिसत नाही. ती बोलून गेली पण ते डोक्यात राहिलं म्हणून मी नंतर वाचलं. एकाच जागी निश्चल उभं राहिलं की रक्त पायात उतरून साचतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि ते रक्त वर ढकलतात, उभं राहिल्यावर ते काम बंद. त्यात ऊन असलं की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामाने पाणी गेलेलं असतं, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. कोसळणं हाच त्याच्यावरचा शरीराचा उपाय, आडवं झालं की डोकं आणि हृदय एका पातळीत येतं आणि माणूस थोड्या वेळात डोळे उघडतो. लंडनमध्ये जून २०२३ मध्ये राजाच्या संचलनाच्या तालमीला असंच झालं, जाड लोकरी डगले आणि अस्वलाच्या केसांच्या उंच टोप्या घातलेले सैनिक तीस अंशांच्या उन्हात राजपुत्र विल्यमसमोर कोसळले, त्यातला एक बँडवाला उठून पुन्हा वाजवायचा प्रयत्न करत होता. तीस अंश म्हणजे आपल्याकडे पंखा दोनवर.

तर नाशिकच्या त्या मैदानावर दोन्ही अर्थ माझ्या डोळ्यांसमोर एकाच वेळी घडले होते. तो मुलगा पास आउट होता होता पास आउट झाला. त्याचं आयुष्य त्याने काही बिघडलं नाही, तोही फौजदार झालाच असेल. मला तेव्हा हे सुचलं नव्हतं, भाची सोफ्यावर बसून बशीतली खारी मोडत होती तेव्हा सुचलं.

आणि माझे बाबा आठवले. म्हणजे बाबा आहेत, आतल्या खोलीत झोपले होते, पण बाबांचा शब्द आठवला. बाबा 'पासौट' म्हणतात. एकच शब्द, मध्ये श्वास नाही. 'मी अंबरनाथ आयटीआयचा पासौट, बहात्तर सालचा, फिटर.' वागळे इस्टेटमध्ये त्यांच्या कंपनीत सगळे असेच बोलायचे, हा कुठला पासौट, तो कुठला पासौट, त्यावरून कोण कोणाच्या हाताखाली तयार झाला, कोणाचा हात फाइलवर, म्हणजे कानशीवर, कसा बसलाय, सगळं कळायचं. नवीन पोरगा लागला की पहिला प्रश्न गावाचा आणि दुसरा हा. त्या शब्दाला इंग्रजीतला दुसरा शब्द लावून बघा, 'ग्रॅज्युएट' म्हणा, लागत नाही. आयटीआय झालेला माणूस आपल्याकडे ग्रॅज्युएट नसतो, ग्रॅज्युएट म्हणजे बीए, बीकॉम. 'पदवीधर' तर त्याहून नाही. पास म्हणावं तर नुसती परीक्षा येते. पासौटमध्ये परीक्षा, संस्था, साल, हातातलं कसब आणि आता मी शिकाऊ नाही ही गोष्ट, सगळं आलं. कंपनी बंद पडली, बाबांच्या वयाच्या माणसांना वॉचमनच्या नोकऱ्या धराव्या लागल्या, शेडच्या जागी काचेच्या इमारती आल्या, पण बाबा अजून बहात्तर सालचे पासौटच आहेत, ते काही कोणाला काढून घेता आलं नाही.

हे मी भाचीला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, मग ट्रेनर म्हणतो ते एमटीआय म्हणजे हेच का? तिच्या कंपनीत मातृभाषेचा बोलण्यावर पडलेला प्रभाव मोजतात आणि त्याला एमटीआय म्हणतात, जास्त असला की शेरा मिळतो. मला हा शब्द ऐकून वाईट वाटलं, पण रागही पूर्ण येईना, कारण फोनच्या पलीकडे टेक्सासमधली बाई आहे आणि तिला भाचीचं बोलणं कळलं पाहिजे, हे तर खरंच आहे. नोकरी त्याचीच आहे. फक्त 'पास आउट' मातृभाषेतून आलेलंच नाही हो, ते साहेबाच्याच भाषेतून आलंय, आपण ते जपून ठेवलं.

मातृभाषेचा विषय निघालाच आहे तर सांगते, या असल्या जोडक्रियापदांची भीती मराठी माणसाला वाटायचं खरं तर काही कारण नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली डिक्शनरी काढली तेव्हा प्रस्तावनेत लिहून ठेवलं की आमच्या भाषेत क्रियापदाला मागून एखादा बारका शब्द चिकटवून अर्थ बदलायची पद्धत आहे आणि परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो याचा, 'कम ऑफ', 'ब्रेक ऑफ', 'टेक ऑफ' अशी उदाहरणंही दिली. त्याला नाव मात्र फार उशिरा मिळालं. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथने १९२५ मध्ये छापलं आणि ते मला ऑक्सफर्ड डिक्शनरीच्या हेन्री ब्रॅडलींनी सुचवलं असं प्रामाणिकपणे सांगून टाकलं. आता बघा, मी आत्ता 'सांगून टाकलं' लिहिलं. यातलं 'टाकलं' कुठे टाकलं? चहा टाकला, रिचार्ज टाकलं, पोराला शाळेत टाकलं, पैसे टाकले, दोन टाकून आला, सासूने टाकून बोललं, नवऱ्याने टाकली. शेवटचं तर इतकं जड आहे की लिहिताना हात थांबतो. 'घेणे' घ्या. तो घेतो का, एवढंच विचारलं तर काय घेतो ते कोणी विचारत नाही, सगळ्यांना कळतं, आणि लग्न जुळवताना हाच प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. मनावर घेणं वेगळं, अंगावर घेणं वेगळं, मनाला लावून घेणं तिसरंच. एखादी गोष्ट डोक्यावरून जाते आणि एखादा माणूस डोक्यात जातो. आपल्या ऑफिसात केरळची, तमिळनाडूची माणसं येतात आणि मराठी शिकायला बघतात, तेव्हा ती इथेच अडखळतात, आणि आपण त्यांना हसतो.

हसतो आपण पण, हे मी भाचीला सांगितलं.

आणि 'आउट'चं तर आपण मराठीत वेगळाच संसार मांडलाय. क्रिकेटचं आहेच. पेपर आउट झाला म्हणजे फुटला. आणि दोन पेगमध्ये आउट झाला म्हणजे, बघा, तोच अमेरिकन अर्थ, फक्त 'पास' गळून पडलेला. म्हणजे आमच्याकडे आउट होतो तो पिणारा आणि पास आउट होतो तो शिकणारा, एकाच शब्दाची वाटणी करून दोघांना वेगळं ठेवलं. पिणाऱ्यासाठी आणखी आहेतच, टाईट, टल्ली, फुल्ल, झिंगला, आडवा झाला, विमान झालं, दर पाच वर्षांनी पोरं नवीन काढतात. चक्कर येऊन पडणाऱ्याला मात्र मराठीने हसण्यावारी नेलेलं नाही. घेरी आली, भोवळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, शुद्ध हरपली, मूर्च्छा आली, कोसळली. प्रत्येकात पायरी वेगळी. अंधारी आली म्हणजे अजून उभी आहे, भिंत धरलीये. भोवळ आली म्हणजे जग फिरतंय. शुद्ध हरपली म्हणजे गेली. डॉक्टर जे प्रश्न विचारतात त्याची उत्तरं आमच्या आजीच्या बोलण्यात आधीच असायची. (औट घटकेचं राज्य यातलं 'औट' मात्र अस्सल आपलं, औट म्हणजे साडेतीन, त्याचा इंग्रजीशी संबंध नाही, जुन्या लोकांना औटकीचे पाढे पाठ असायचे.)

दारूच्या आउटबद्दल मला थोडं लिहायचंच आहे, कारण एकतीस डिसेंबरला उपवनच्या आणि घोडबंदरच्या बाजूला दरवर्षी जे दिसतं ते बघून पोटात गोळा येतो. कॉलेजची पोरं मित्राला उचलून रिक्षात कोंबतात, त्याची मान लटकतेय आणि सगळे मोबाईलवर शूट करतायत. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत आणि ते आपण एक करून टाकतो. ब्लॅकआउट म्हणजे माणूस जागा असतो, चालतो, बोलतो, पैसे देतो, भांडतोसुद्धा, पण मेंदू ते साठवतच नाही, सकाळी काहीच आठवत नाही. पास आउट म्हणजे शुद्धच नाही. पहिल्यात माणूस ठीक दिसतो म्हणून धोका, त्याच्या हातात बाईकची चावी असते. दुसऱ्यात तो झोपलाय असं वाटतं म्हणून धोका, कारण उताणा पडला असेल आणि उलटी झाली तर तीच श्वासात जाते. त्याला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, हलवून उठत नसेल, श्वास संथ किंवा तुटक येत असेल, अंग थंड, ओठ निळसर वाटले तर १०८ ला फोन करायचा, घरच्यांना काय वाटेल हा विचार नंतर. झोपून उतरेल, असं म्हणून खोलीत ठेवून दार ओढून घेणारी पोरं वाईट नसतात, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. शब्द गमतीचा असला की धोकाही गमतीचा वाटायला लागतो, हे मी माझ्याच ओळखीतल्या घरांमध्ये पाहिलंय.

आणि ट्रेनमधली चक्कर. सकाळच्या लेडीज डब्यात हे इतक्या वेळा होतं की त्याची एक पद्धतच पडून गेलीये. घाईत न खाता निघालेली मुलगी, पाळीचा दिवस, चहूबाजूंनी दाबलेली, हलायला जागा नाही, म्हणजे तेच नाशिकचं मैदान, फक्त इथे पडायलाही जागा नसते, ती उभ्या उभ्याच बायकांच्या अंगावर सैल होते. मग कोणीतरी ओरडतं, अगं हिला चक्कर आली, आणि जो डबा आत्तापर्यंत कोपरभर जागेवरून भांडत होता तो मिनिटात जागा करतो. कोणाची पाण्याची बाटली, कोणाच्या पर्समधलं चॉकलेट, कोणाचा कांदा किंवा चप्पल हुंगवायचा सल्ला. कांद्याचं ऐकू नका. आडवं करता आलं तर करा आणि पाय वर घ्या, नाहीच जमलं तर बसवून डोकं गुडघ्यांत घालायला लावा, आणि पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय तोंडात पाणी घालू नका. हे सगळं चालू असताना त्या मुलीचा पहिला शब्द बहुतेक वेळा 'सॉरी' असतो. डोळे उघडते आणि सॉरी म्हणते. त्याचं मला काय करावं ते कळत नाही.

बाबाही पडले होते मध्यंतरी. सकाळी शुगर उतरली, बाथरूमच्या दाराशी कोसळले. आम्ही त्यांना हॉस्पिटलात नेलं, ठीक झाले, पण तेव्हाची एक गोष्ट घरात अजून निघते. भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याने घाबरून व्हिडिओ कॉल केला आणि आईला अर्धवट इंग्रजीत विचारत सुटला, बाबा पास आउट झाले होते का, आई, पास आउट झाले होते का? आईचे हात थरथरत होते, तिला त्या गोंधळात एवढंच ऐकू आलं, ती म्हणाली, अरे ते केव्हाच, बहात्तर साली. भाऊ आधी गप्प झाला, मग हसायला लागला आणि हसता हसता रडला. बाबा पलंगावरून सगळं ऐकत होते, त्यांनी क्षीण आवाजात 'फिटर' एवढं जोडलं. पण डॉक्टरांना खरोखरच ते उत्तर हवं होतं. पडले तेव्हा शुद्ध होती का, गेली तर किती वेळ, डोकं आपटलं का. नुसतं तोल जाऊन पडणं आणि शुद्ध हरपून पडणं यात डॉक्टरांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असतो, पुढच्या सगळ्या तपासण्या त्यावर ठरतात. आईने ते नीट सांगितलं शेवटी, आजीच्याच शब्दांत, आधी अंधारी आली म्हणाले, भिंत धरली, मग हाक मारली तर ओ दिली नाही.

म्हणून भाचीला मी सांगितलं की हा अर्थ घट्ट शिक. लाजेने नाही, कामासाठी. तिची प्रोसेस, म्हणजे ज्या कामाचे फोन ती घेते ते, आरोग्यविम्याची आहे. उद्या रात्री दोन वाजता पलीकडून कोणी बाई बोलता बोलता म्हणाली की माझा नवरा किचनमध्ये पास आउट झालाय, तर भाचीने क्लेम नंबर विचारत बसता कामा नये, तिने त्या बाईला लगेच फोन ठेवून ९११ लावायला सांगायचंय, तसं त्यांच्या स्क्रिप्टमध्येही असतं. तिथे एक सेकंदसुद्धा कळव्याचा अर्थ मनात येऊन चालणार नाही. आणि ट्रेनरने जर तेव्हा हे असं सांगितलं असतं, हा शब्द तू वापरतेस तो आपल्याकडे बरोबर आहे, पण या फोनवर त्याचा अर्थ एक माणूस जमिनीवर पडलाय असा आहे, तर तेवढ्याच वेळात बॅचमधल्या सगळ्यांना कायमचं लक्षात राहिलं असतं. तोही कुठल्या तरी गावाहून, कुठल्या तरी कॉलेजातून आलेला असणार, त्यालाही कधीतरी कोणीतरी असंच थांबवलं असणार, असं मला वाटत राहतं.

बायोडेटा आम्ही बदलला. 'ग्रॅज्युएटेड' लिहिलं, साल लिहिलं. भाची म्हणाली, इथल्या कंपनीत अर्ज करताना काय लिहू, तिथले एचआरवाले स्वतःच विचारतात, पास आउट कधीच्या? मी म्हटलं, तिथे जे विचारतात त्याच शब्दात सांग. ठाण्यात ठाण्यासारखं. ती आता फ्लोअरवर आहे, रात्रीच्या शिफ्टला, सकाळी कॅब सोडते, दुपारपर्यंत झोपते. रविवारी ती आणि तिच्या बॅचच्या दोघीतिघी माझ्या हॉलमध्ये जमतात, पोहे होतात, आणि आठवड्यात फोनवर अडलेला एकेक शब्द काढून बसतो. बाबाही खुर्ची ओढून बसतात, त्यांना शब्दांपेक्षा पोरी कुठल्या पासौट आहेत त्यात जास्त रस.

पुढच्या वेळी 'मेक आउट' घ्यायचंय, कारण एका मुलीला कोणीतरी सांगितलं की हा शब्द अजिबात उच्चारायचा नाही, घाण अर्थ आहे, आणि ती तेव्हापासून आवाज नीट येत नसला तरी गप्प बसते. खरं तर 'आय कान्ट मेक आउट व्हॉट यू आर सेइंग' हे बिनधास्त म्हणावं, बोलणं कळत नाहीये हाच त्याचा अर्थ तिकडेही आहे, चेक कोणाच्या नावाने लिहायचा तेही मेक आउट, कसं चाललंय विचारायचं तर जुनी अमेरिकन माणसं 'हाऊ आर यू मेकिंग आउट' म्हणतात. चुंबनाचा अर्थ येतो तो पुढे 'विथ' आणि माणूस लागला की, तेवढं सांभाळलं की झालं.